सुक्याची खोली

१

डोळे मिटा बघू. अगदी घट्ट. बोटांच्या फटीतून बघायचं नाही.

आता समजा, तुम्ही ठाण्यात खाडीजवळच्या एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर उभे आहात. सकाळची वेळ. समोर जिन्याखाली हिरव्या रंगाचं लोखंडी दार. दाराच्या मधोमध एक आडवी फट, टपालपेटीला असते तशी, पण कागदाचं भलंमोठं पुडकं आत जाईल एवढी रुंद. वर पाटी, ‘सुका कचरा’. शेजारी भंगारवाली केशरबाई रिकामी पोती खांद्यावर टाकून उभी आहे. वॉचमन धोंडीबा करगोट्याला बांधलेली किल्ली सोडतो, कुलपात फिरवतो, दार ओढतो.

आणि त्याच्या हातातली किल्ली खणकन खाली पडते.

उघडा डोळे. पुढचं तुम्ही नाही बघितलंत तरी चालेल. पण मालननं बघितलं. ती सहावीतली पोर दप्तर पाठीला लावून शाळेला निघालेली, आणि दार उघडताना कोण थांबत नाही?

रद्दीच्या गठ्ठ्यांवर, डब्यांमध्ये, बाटल्यांच्या मधे, जिकडे बघावं तिकडे मेलेले उंदीर. कोणी पोट वर करून, कोणी भिंतीशी नाक लावून.

“आई गं!” केशरबाई मागे सरली ती थेट जिन्यावर जाऊन आदळली. “अरे धोंडीबा, उंदीर मेले रे! आपोआप मेले!”

आज हे वाचताना तुम्हाला वाटेल, उंदीर मेले तर एवढं काय? पण ते साल होतं एकोणीसशे चौऱ्याण्णव, आणि नुकत्याच सुरतेहून प्लेगच्या बातम्या आल्या होत्या. माणसं तोंडाला रुमाल बांधून स्टेशनवर जात होती. आणि प्लेगात आधी उंदीर मरतात, मग माणसं, हे त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं.

“प्लेग!” कोणीतरी पहिल्या मजल्यावरून ओरडलं.

मग जे झालं ते मालनला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. धडाधड खिडक्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ट्रंक घेऊन, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून खाली आल्या आणि टिटवाळ्याला भावाकडे जाते म्हणून रिक्षा शोधायला लागल्या. केशरबाई नळाखाली हात घासत रडत होती, “मी ह्याच खोलीतलं रोज उचलते, आता माझं काय व्हायचं?” धोंडीबाने मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता. त्यातून त्याचा आवाज घुमल्यासारखा येत होता, “लांब व्हा! पोरांनो, लांब व्हा!”

जिन्याच्या पलीकडे किराणा दुकान होतं सरोजकाकीचं. काकी आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून छोट्या गणूला मऊ भात भरवत होती. “मालन, तू जा गं शाळेत,” ती म्हणाली. “उगाच घाबरू नकोस.”

मालनला तेवढाच एक आवाज त्या गोंधळात धीराचा वाटला. ती लहान असतानाच तिची आई गेली होती, आणि वेणी घालायला ती अजून सरोजकाकीकडेच जात असे.

पण ती शाळेत गेली नाही. कारण तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आनंदराव लिमये नाकाला रुमाल लावून खोलीच्या दारात आले, काठीने रद्दी जराशी बाजूला सारली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“हे काय आहे?” ते म्हणाले. “सुक्याच्या खोलीत हे कोणी टाकलं?”

काठीच्या टोकाला बोंबलाचं वाळलेलं डोकं होतं.

२

आनंदराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. तिथे लोखंडाचा कीस वेगळा, पितळेचा वेगळा, तेलाच्या चिंध्या वेगळ्या. मिसळलं की सगळंच वाया. हे बघून त्यांच्या मनात आलं, हे आपल्या इमारतीत का नको? मग त्यांनी नियम केला. भाजीची देठं, साली, उष्टं खरकटं ते ओल्यात; त्यासाठी मागे अंगणात खड्डा. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक ते सुक्यात. त्यासाठी जिन्याखालची खोली. दुकानांची खोकीसुद्धा तिथेच. ते सुकं केशरबाई पोत्यांत भरून कल्याणच्या व्यापाऱ्याकडे न्यायची. आसपास कुठल्याही इमारतीत असलं काही नव्हतं. लोक हसले, आनंदराव हसले नाहीत. ते स्वतः दारोदार जाऊन नियम समजावून आले.

आणि आता त्या खोलीत बोंबलाची डोकी होती. एक नाही, पसाभर.

इमारतीत मासे खाणारी घरं पुष्कळ, पण बोंबील पोत्याने साठवणारं एकच. तळमजल्यावरची आवडाबाई कोळीण, मालनची आजी. इमारत उभी राहिली ती तिच्याच वाळवणाच्या जागेवर, त्या बदल्यात बिल्डरने तिला हे घर दिलेलं. रोज सकाळी फाटकाशी पाटी मांडून ती मासे विकायची. त्या पाटीवर मालनची शाळा चालायची, घर चालायचं.

“आवडाबाई, हे तुमचं?” आनंदरावांनी विचारलं.

आवडाबाईने काठीकडे बघितलं. “माजंच. पावसालभर ठेवलेला, त्याना कीर लागली.”

“आणि हे तुम्ही ह्या खोलीत टाकलंत?”

“टाकला.”

जमलेल्या माणसांतून एक आवाज उमटला, जसा तव्यावर पाणी पडल्यावर येतो.

“अहो, पण का? सुक्याच्या खोलीत मासे? का टाकलेत?”

आवडाबाईने कमरेवर हात ठेवले. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. “का म्हंजे? तुमीच बोल्लाव ना टाकाला!”

आनंदराव दोन पावलं मागे गेले. “मी? मी सांगितलं तुम्हाला?”

“तुमीच. माजे दारान उबं ऱ्हाऊन.”

“हे साफ खोटं आहे!” आनंदराव ओरडले. “आवडाबाई, मी तुमचा मान राखतो, पण हे धडधडीत खोटं आहे!”

“मी खोटी? मी?” आवडाबाईने कमरेवरचे हात खाली सोडले. मग ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. खाडीवरच्या वाऱ्यापावसाला न भिणारी आपली आजी अशी न भांडता आत गेलेली मालनने कधी बघितली नव्हती.

आनंदरावांनी तिथेच जाहीर केलं. संध्याकाळी गच्चीवर सभा. आवडाबाईंच्या मासळीमुळे उंदीर आले, उंदरांमुळे रोग आला. फाटकातली पाटी आजपासून बंद, कायमची. सभेने ठराव करायचा.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. त्यानंतर आजीची जागा जाणार होती.

३

दुसऱ्या मजल्यावर मंदाकिनीबाई राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, पण शिकवणं काही सुटलेलं नव्हतं. जिन्यात भेटलेल्या मुलालाही ‘पानावर दव का पडतं सांग’ म्हणून अडवायच्या, आणि उत्तर चुकलं तर रागवायच्या नाहीत, दुसरा प्रश्न विचारायच्या.

मालन रडत त्यांच्याकडे गेली. बाईंनी तिला गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, “चल, बघून येऊ. पण एक लक्षात ठेव. आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. दारातून फक्त डोळ्यांनी आणि नाकाने.”

पालिकेला फोन केला होता, माणूस अजून आला नव्हता. धोंडीबा लांब खुर्ची टाकून बसलेला. दार उघडंच होतं. कुलूप लावायला जवळ जाण्याची कोणाची छाती नव्हती.

बाई उंबऱ्याच्या अलीकडे थांबल्या. “वास कसला येतो?”

मालनने रुमालाआडून हुंगलं. “बोंबलाचा. आणि... लसणीचा.”

“लसणीचा. बरोबर. सकाळी कोणी म्हणालं का काही?”

“लिमयेकाका म्हणाले, बोंबील आणि लसूण, ही तर चटणीच आहे.”

“तुझी आजी टाकून द्यायच्या बोंबलाला लसूण लावते?”

मालनला रडता रडता हसू आलं. “छे हो बाई. खायच्यालाच किती मोजून लावते!”

“मग लसूण आली कुठून? बोंबलाकडे नीट बघ. कसा दिसतो?”

मालनने बघितलं. काही डोक्यांवर काळपट पूड पडली होती. कोळशासारखी. तिने तसं सांगितलं.

बाईंनी पुन्हा एकदा हुंगून बघितलं. मग त्यांनी मालनचा हात धरून तिला पार फाटकापर्यंत मागे नेलं.

“मालन, हा प्लेग नाही. उंदरांचं एक काळं औषध मिळतं. त्याला दमट हवा लागली की लसणीसारखा वास सुटतो. त्या बोंबलांवर विष घातलंय कोणीतरी.”

प्लेग नाही! मालनला वाटलं, आता सगळं निवळणार. ती धावत आनंदरावांकडे गेली आणि धापा टाकत सांगून मोकळी झाली.

ती चूक झाली. पण अकरा वर्षांच्या मुलीला ते कसं कळावं?

“विष?” आनंदराव मटकन खाली बसले. “म्हणजे बोंबील आवडाबाईंचे, आणि त्यांवर विष? अरे देवा! इमारतीत एवढी लहान मुलं, आणि ह्या बाईने खोलीत विष टाकलं?”

बातमी जिन्याने वर चढली तशी मोठी होत गेली. दुपारी मालन नळावर पाणी प्यायला गेली तर तिच्याच वर्गातल्या सुनंदाच्या आईने सुनंदाचा हात धरून तिला मागे खेचलं.

“त्यांच्या घरचं काही खाल्लंस का गं? खरं सांग. काही खाल्लंस का?”

४

“बस,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “रडून झालं की सांग, आपण पुढे काय करायचं.”

“विष कोणी टाकलं ते शोधायचं.”

“ते नंतर. आधी दुसरंच एक कोडं आहे. तुझी आजी म्हणते, लिमयांनी सांगितलं. लिमये म्हणतात, मी सांगितलं नाही. तुझी आजी खोटं बोलते?”

“कधीच नाही!”

“मी लिमयांना इतकी वर्षं ओळखते. तो माणूस हटवादी आहे, पण खोटं बोलत नाही. मग?”

मालन गोंधळली. “दोघंही खरं बोलत असतील असं कसं होईल?”

“होतं कधी कधी. आणि तसं झालं की ‘ते काय म्हणाले’ असं विचारायचं नाही. ‘कोणत्या शब्दांत म्हणाले’ असं विचारायचं. जा. दोघांकडे जा.”

आनंदराव आपल्या घरात पंख्याखाली डोकं धरून बसले होते. मालनला बघून ते वरमले. काही झालं तरी पोरीचा काय दोष?

“लिमयेकाका, तुम्ही नियम सांगायला आमच्याकडे आलात, तेव्हा नक्की काय म्हणालात? तेच शब्द सांगा ना.”

“अगं, सगळ्यांना सांगितलं तेच. जे जे सुकं ते सुक्याच्या खोलीत, जे जे ओलं ते मागच्या खड्ड्यात.”

“मग आजी काय म्हणाली?”

आनंदरावांनी आठवून बघितलं. “तिने विचारलं, सगळंच सुकं का? मी म्हटलं, हो, सगळंच. मग म्हणाली, खोलीत वास येईल. मला जरा हसूच आलं. मी म्हटलं, आवडाबाई, सुक्याला कसला आलाय वास?”

मालन दाराकडे वळलीसुद्धा.

“काय गं? काय झालं?”

ती धावत घरी आली. आवडाबाई भिंतीला टेकून बसली होती. दुपारचं जेवण तसंच झाकलेलं.

“आजी, सुका म्हणजे काय गो?”

“ह्ये काय ईचारतंस? सुका म्हंजे सुका म्हावरा. बोंबील, जवला, वाकट्या.”

“आणि ओला?”

“ओला म्हंजे ताजा. आजचा, खारीवरना आनलेला. तुला ठावं नाय?” आवडाबाईचा राग पुन्हा वर आला. “मी त्याना बोल्ली पन, बाबा, वास येल. तं मना हसला नि बोल्ला, सुक्याना कसला वास! मी म्हनली, भटाला नाक नाय वाटतं. म्हावऱ्याचं खवलं मी मागं खड्ड्यान टाकतंय, सुका खोलीन टाकला. जसा सांगला तसा केला. आता मीच खोटी?”

मालनला हसावं की रडावं कळेना. शाळेच्या पुस्तकातलं ‘सुकं’ तिला ठाऊक होतं, आणि घरातलं ‘सुकं’ही. दोन्ही तिच्या डोक्यात शेजारी शेजारी होती, पण आजपर्यंत एकमेकांना भेटलीच नव्हती. आनंदरावांच्या घरात मासे शिजत नव्हते आणि आजीला खोलीच्या दारावरची पाटी वाचता येत नव्हती. दोघं एकाच दारात उभं राहून एकच शब्द बोलले, आणि दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या.

ती पुन्हा दोन मजले चढली. बाईंनी सगळं ऐकलं आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “शाब्बास. अर्धं सुटलं. पण बोंबील आजीने टाकले ही गोष्ट खरीच राहिली हं. उंदीर त्यानेच आले. हे तुला सभेत सांगावं लागेल. सांगशील?”

मालनने मान हलवली. ते सोपं नसणार हे तिला कळत होतं.

“आणि विष?” तिने विचारलं.

“त्यासाठी आपल्याला तीन माणसांशी बोलायचंय,” बाई उठल्या. “चल.”

५

केशरबाई फाटकाबाहेर बसून होती. पोती रिकामीच.

“मासळीचा वास? येत व्हता की,” ती म्हणाली. “कल्याणचा शेठ गठ्ठा हुंगून म्हणाला, केशर, रद्दी आणलीस का बाजार? मला ठाऊक होतं आवडाबाईचं काम. पण ती मला रोज चहा पाजते, तोंड कसं उघडू?”

“रागाने औषध नाही ना टाकलंस?”

“मी? अहो बाई, मी हातानं उपसते ते! माझ्याच अन्नात मी विष कालवीन का?” आणि तिने पुन्हा आपले हात बघितले. घासून घासून ते लाल झाले होते.

धोंडीबा तर विचारायच्या आधीच शपथा घेऊ लागला. “किल्ली माझ्या कमरेला. केशर येते तेव्हाच दार उघडतो. आत खुडबुड ऐकू यायची, ते मी लिमयेसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सुक्यात उंदीर येतील कशाला? मग सरोजताईंना सांगितलं, तुमची भिंत लागून आहे, जपा. अजून मी काय करणार?”

“म्हणजे आत कोणीच गेलं नाही,” बाई म्हणाल्या. “दाराच्या फटीतून टाकलं असेल का, मालन? काळी पूड कुठे होती?”

मालनने डोळे मिटले. आज सकाळपासूनची सगळ्यात वाईट जागा तिला पुन्हा मनात बघावी लागली. फटीखाली रद्दी. रद्दीवर पूड नाही. डब्यांवर नाही. पूड होती ती डाव्या भिंतीच्या बुडाशी, तिथे पडलेल्या बोंबलांवर. आणि भिंतीवरून खाली उतरलेला एक काळा ओघळ.

“ओघळ वरून येत होता,” ती सावकाश म्हणाली. “वर... वर हवेची जाळी आहे.”

“जाळीच्या पलीकडे काय आहे?”

मालनला उत्तर माहीत होतं. पण ते तिला द्यायचं नव्हतं. जाळीच्या पलीकडे दुकानाचा पोटमाळा होता, जिथे गोणी आणि खोकी ठेवायचे. लपाछपीत ती कितीदा तिथे लपली होती.

“नाही,” ती म्हणाली. “बाई, नाही. कोणीतरी दुसरं चढलं असेल माळ्यावर.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “नुसत्या जाळीवरून मीही कोणाचं नाव घेणार नाही. म्हणून आणखी एक आठव. सकाळी प्लेग म्हणून ओरड झाली, तेव्हा कोण काय करत होतं?”

“काकू ट्रंक घेऊन आल्या. केशरबाई हात धूत होती. धोंडीबाने मफलर बांधला. लिमयेकाकांनी रुमाल लावला. सगळे घाबरले होते.”

“सगळे?”

मालनच्या डोळ्यांपुढे दुकानाची पायरी आली. वाटी. चमचा. तोंडाला काहीही न बांधलेली सरोजकाकी, आणि तिच्या मांडीवर आ वासून बसलेला गणू. मेलेल्या उंदरांपासून चार पावलांवर.

जिचं पोर अजून बोबडं बोलतं अशी कुठली आई प्लेगच्या दारात बसून पोराला भात भरवेल?

हा प्लेग नाही हे जिला आधीच ठाऊक आहे, तीच.

६

सरोजकाकीने आधी कानांवर हात ठेवले. मग बाईंनी जाळीचं सांगितलं, मालनने भाताच्या वाटीचं. काकी एकदम पोत्यावर बसली.

“त्या खोलीतून उंदीर माझ्या दुकानात यायला लागले, गं. तांदळाच्या गोणी कुरतडल्या. गिऱ्हाइकाने एक उंदीर बघितला तर सगळं संपलं ना? म्हणून माळ्यावरून जाळीतून पूड टाकली. वाटलं, एखाद-दुसरा मरेल, केशर उचलून नेईल, कोणाला कळणारही नाही. एवढे मरतील असं कुठे माहीत होतं! आणि सकाळी सगळे प्लेग प्लेग करायला लागले.”

“तेव्हा तुम्ही सांगायचं होतंत,” बाई म्हणाल्या.

“तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, किराणा दुकानात उंदीर आणि विष. कोण घेईल मग माझ्याकडून दाणा?”

“आणि आजी?” मालनने विचारलं. “ते आजीला विष घालणारी म्हणाले, तेव्हा तुम्ही इथेच होता ना, काकी?”

सरोजकाकीने मालनचे दोन्ही हात धरले. “सभेत माझं नाव घेऊ नकोस, मालन. तुझ्या पाया पडते.”

जिने आपली वेणी घातली ती मोठी बाई आपल्या पाया पडते म्हणते, ह्याचा मालनला असा धक्का बसला की ती हात सोडवून पळालीच.

जिन्यात बाईंनी तिला गाठलं. “काय करायचं ते तू ठरव,” त्या म्हणाल्या. “मी एकच गोष्ट करणार. ते औषध आत्ता माळ्यावरून काढायचं, आणि उघडं धान्य विकायचं नाही. त्यात थांबायला वेळ नाही. तिथे एक बोबडं पोर खेळतंय.” आणि त्या दुकानाकडे वळल्या.

७

गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या. आवडाबाई एका टोकाला एकटीच. तिच्या आजूबाजूला कोणी बसलं नव्हतं. सरोजकाकी जिन्याच्या दाराशी उभी होती.

आनंदरावांनी ठराव वाचायला सुरुवात केली. फाटकातील मासळीची पाटी कायमची बंद...

“काका,” मालन उभी राहिली. “बोंबील आमच्याच घरातले. ते आजीने टाकले. उंदीर त्यामुळे आले. ती चूक आमची.”

सतरंजीवर कुजबूज झाली. आवडाबाईने नातीकडे असं बघितलं, की मालनला वाटलं, आता खाली बसावं.

“पण काका, तुम्ही आजीला सांगितलंत, सगळं सुकं खोलीत टाका. आमच्या घरात सुकं म्हणजे कागद नाही. सुकं म्हणजे सुकी मासळी. तिने वास येईल म्हणूनही सांगितलं. तुम्हीच म्हणालात, सुक्याला कसला वास!”

मग मागे बसलेल्या एका आजोबांना हसू फुटलं. त्यांचं बघून दुसऱ्यांना. आनंदराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा कानशिलांपर्यंत लाल झाला.

“म्हणालो,” ते हळूच म्हणाले. “अक्षरशः असंच म्हणालो. आवडाबाई, मी तुम्हाला खोटं ठरवलं. चार माणसांत.”

“भटाला नाक नाय, मी तवाच बोल्ली,” आवडाबाई म्हणाली.

“पण विष?” सुनंदाची आई म्हणाली. “ते कोणी टाकलं?”

सगळ्यांची तोंडं मालनकडे वळली. मालनने जिन्याच्या दाराकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

“ते वरच्या जाळीतून टाकलं,” ती म्हणाली. “टाकणाऱ्याला उंदीर मारायचे होते. माणसांना नाही. पण आज दिवसभर माझ्या आजीला सगळे बोलले, आणि ते माणूस ऐकत राहिलं. त्याचं नाव मी घेणार नाही. त्याने स्वतः घ्यावं.”

एवढं बोलून ती खाली बसली. आनंदराव चष्मा पुसत राहिले. आणि मग जिन्याच्या दाराशी कोणीतरी रडायला लागलं.

“मी टाकलं,” सरोजकाकी म्हणाली.

लोकांना आधी खरंच वाटेना. सरोज? रोज सगळ्यांच्या पिशव्या भरणारी सरोज? मग ज्यांनी तिच्याकडून सकाळीच पीठ नेलं होतं ते ताडकन उठले. मंदाकिनीबाईंना उभं राहून सांगावं लागलं, औषध धान्याला लागलेलं नव्हतं, पुडी आपण स्वतः पालिकेच्या माणसाच्या हवाली केली, तरी सरोज उघडं धान्य सगळं फेकून देणार आहे. तरीही एकामागून एक माणसं सरोजकाकीपासून सरकत गेली. मघाशी आवडाबाईपासून लांब बसली होती तशीच.

आवडाबाई उठून तिच्यासमोर गेली. “सकालपासना माजे तोंडाकडं बगत व्हतीस नि गप ऱ्हायलीस?” ती म्हणाली. “माजी पोर तुजेकडं येनी घालाला येते नं गो?” आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेली.

आनंदरावांनी ठराव फाडला. पाटी फाटकातच राहील, असं ते म्हणाले, आणि कोणी हरकत घेतली नाही. “पण नियम पुन्हा सांगावा लागेल. घरोघर. ह्या खेपेला नीट,” ते म्हणाले. “आणि मला वाटतं, तो मी सांगू नये.”

मंदाकिनीबाईंनी मालनकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन निघाली. सुकं आणि ओलं हे शब्द वापरायचेच नाहीत, असं तिने ठरवलं होतं. पाटीवरची अक्षरं न वाचता येणाऱ्यालाही कळलं पाहिजे. म्हणून तिने एका पिशवीत रिकामा डबा, फुटकी बाटली आणि जुनं वर्तमानपत्र घेतलं. दुसरीत दुधीची साल, अंड्याचं कवच आणि एक बोंबील. दाखवायचं, आणि हे कुठे जाईल असं समोरच्यालाच विचारायचं.

तळमजल्यापासून सुरुवात. पहिलं दार तिचं स्वतःचं. तिथे आजीने अंड्याच्या कवचावरून तिच्याशी भरपूर वाद घातला आणि शेवटी मान्य केलं.

पुढचं दार सरोजकाकीचं. दुकान बंद होतं. आतून गणूची किरकिर ऐकू येत होती. कालपासून त्या दाराकडे कोणी फिरकलं नव्हतं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या सुनंदाने हळूच हाक मारली, “मालन, ते सोड. आधी वर ये ना.”

मालनने तिच्याकडे वळून बघितलं. तिचा राग गेला नव्हता. अजिबात गेला नव्हता.

मग तिने दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि दाराची कडी वाजवली.